नजर दिल्याशिवाय

सोमवार, ६ तारीख

प्रिय ताई,

तुझ्या भिंगरीचा नमस्कार. पत्र बघून घाबरू नकोस. माझे हातपाय जागेवर आहेत, नोकरी जागेवर आहे, दाजीही जागेवर आहेत आणि जोरात घोरतात. तू म्हणशील, फोन असताना हा कागद कुठून उगवला? तर फोनवर तू विचारतेस जेवलास का, मी म्हणतो हो, मग तू म्हणतेस दाजींना दे. खोली एवढीशी, की मी शिंकलो तर दाजी पडल्या पडल्या रुमाल पुढे करतात. त्यांच्यासमोर काय बोलणार? शिवाय माझ्या आवाजावरून तू सगळं ओळखतेस. कागदाला आवाज नसतो, म्हणून कागद.

अक्षराला हसू नकोस. पाचवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, आणि तेही तूच कान पिळून गिरवून घेतलेलं. बोलतो तसं लिहितोय.

इकडे उकाडा फार. खोलीत दोन खाटा, एक पंखा आणि एक कपाट आहे, ज्याचं दार उघडलं की बंद होत नाही. दाजी त्याला स्टूल लावून ठेवतात आणि मी रोज त्या स्टुलाला ठेचकाळतो. कपडे स्वतः धुतो, हे ऐकून बेशुद्ध पडू नकोस. चिमणीला सांग, मामा आला की पहिल्याच दिवशी मानेवर बसवून गल्लीभर फिरवणार. नाही, असं सांग की फिरवणार. मानेवरच असं नको म्हणूस.

आता मानेचं नाव निघालंच आहे तर सांगून टाकतो. मागच्या महिन्यात मी गोदामाच्या यार्डाच्या गेटवर ट्रेलर घेऊन उभा होतो. उभा होतो हं, म्हणजे चूक माझी नाही. मागून दुसऱ्याने येऊन ठोकलं. रक्ताचा थेंब नाही, काच फुटली नाही, काही नाही. फक्त डोकं मागे गेलं आणि पुढे आलं, तू ओली चादर झटकतेस तसं. मी खाली उतरून त्या ड्रायव्हरला दोन शिव्या दिल्या आणि दुपारी पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून डोकं उचलेना. शेवटी डोकं दोन्ही हातांत धरून उचलावं लागलं, भरलेलं पातेलं उचलतात तसं. फोटो काढले, हाडं शाबूत निघाली. चार दिवस गळ्यात मऊ पट्टा होता, तेव्हा यार्डातल्या लोकांनी माझं नाव जिराफ ठेवलं. पट्टा गेला पण नाव राहिलं.

आता बरा आहे. ट्रेलरवरून उतरवून मला सध्या शेडमध्ये बसवलंय, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. ताई, मला बसवलंय! तुला माहितीये मी जेवायलासुद्धा कधी धड बसलो नाही. दिवसभर डिंकाचा वास घेत बसायचं, खोकं आलं की चिकटव, गेलं की दुसऱ्याची वाट बघ. माझे पाय टेबलाखाली आपोआप क्लच दाबतात.

माझं ट्रेलरचं काम काय ते तुला कधी नीट सांगितलं नाही. गोदामाला माल चढवायचा उंच फलाट असतो. ट्रेलर उलटा नेऊन त्याची पाठ फलाटाला चिकटवायची, मध्ये वीतभरही फट नको. ड्रायव्हरला मागचं सगळं दिसत नाही, म्हणून प्रत्येक ट्रेलरमागे एक माणूस पायी चालतो. हातात काठी असते, तिने तो पत्रा ठोकून सांगतो, ये, थांब, डावीकडे घे. त्याला सगळे शेपूट म्हणतात. गाडीला आरसे आहेत, तरी इथल्या ड्रायव्हरांचा स्वतःचा एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही पण सगळे पाळतात. मागे यायच्या आधी ड्रायव्हरने खिडकीतून मान काढून मागे वळायचं, शेपटाच्या डोळ्यांत बघायचं. त्याने हनुवटी वर केली की आपण करायची. याला नजर देणं म्हणतात. नजर दिल्याशिवाय मागे यायचं नाही. एकजण आहे जो नजर देत नाही, आरशात बघतो न बघतो आणि घुसवतो. त्याला सुसाट म्हणतात. त्याच्या मागे चालायला कुणी राजी नसतं.

माझा शेपूट चांगला माणूस आहे. माझ्यापेक्षा मोठा, तोंडाने फाटका, काठी अशी आपटतो की माझ्या दातांत वाजते. त्याच्यासाठी तरी मला लवकर ट्रेलरवर चढायचंय.

दाजी मजेत आहेत. त्यांचं काम चाललंय. या पत्राचं त्यांना बोलू नकोस, उगाच म्हणतील तुला काळजीत टाकली.

मान हलवून हो म्हणणारा,
तुझी भिंगरी


बुधवार, २२ तारीख

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी लिहिल्यास आणि त्यात तीन वेळा 'खरं सांग'. चौथी ओळ 'जेवत जा'. बरं, खरं सांगतो.

उद्या माझी मान तपासणार आहेत. पहिल्या तपासणीत मी नापास झालो, ते तुला लिहिलं नव्हतं.

तपासणारी बाई व्यायामाची डॉक्टर आहे. वयाने तुझ्याएवढी, आवाज एकदम शांत. असा आवाज असलेल्या माणसाशी खोटं बोलायला फार सोपं जातं. तिने विचारलं, झोप लागते का, मी म्हटलं गाढ. डोकं दुखतं का? नाही. वाचताना त्रास होतो का? मी म्हटलं, बाई, तो लहानपणापासून होतो. ती हसली. मग म्हणाली, हनुवटी छातीला लावा, वर बघा, उजवीकडे, डावीकडे. उजवीकडे छान गेली. डावीकडे मी खांद्यासकट वळलो, तर ती मागे येऊन दोन्ही खांद्यांवर हात ठेवून म्हणाली, "खांदे माझ्याकडे राहू द्या, फक्त मान न्या." मान अर्ध्यात थांबली. गंजलेल्या बिजागरीसारखी.

तेवढ्याने मी घाबरलो नसतो. घाबरलो ते पुढच्याने. तिने माझ्या कपाळाला एक पट्टा बांधला, त्यावर छोटा दिवा. समोर भिंतीवर गोल गोल रेघा काढलेला कागद. दिव्याचा लाल ठिपका मधोमध आणून ती म्हणाली, आता डोळे मिटा, डावीकडे जा आणि परत मधोमध या. आलात की सांगा. मी गेलो, आलो आणि म्हटलं, आलो. अगदी छातीठोक. डोळे उघडले तर ठिपका कागदाच्या बाहेर, भिंतीवर! मला वाटलं बाईने कागद हलवला. पुन्हा केलं, पुन्हा बाहेर.

ती म्हणाली, "दुखणं कमी होणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. डोकं कुठे वळलंय हे मान आतून सांगत असते. हिसका बसला की ती कधीकधी चुकीचं सांगते. व्यायामाने सुधारतं, वेळ लागतो."

ताई, दुखलं असतं तर मी दात आवळले असते. पण मी चुकतोय हेच मला कळत नव्हतं. याला काय आवळायचं?

तर हे खरं. आता दुसरं खरं. माझा शेपूट म्हणजे दाजी.

तुला ते सांगतात की वजनकाट्यावर खुर्चीत बसतात. बसत नाहीत. पहिल्या दिवसापासून माझ्या ट्रेलरमागे काठी घेऊन चालतात. तुला काळजी नको म्हणून सांगितलं नसेल, मीही बोललो नाही. मी शेडमध्ये गेल्यापासून ते एका म्हाताऱ्या ड्रायव्हरमागे आहेत. म्हातारा सावकाश येतो, नजर देतो, वर गाणं म्हणतो. पण तो या रविवारी कायमचा घरी चाललाय. त्यानंतर मी ट्रेलरवर चढलो नाही तर मुकादम दाजींना सुसाटच्या मागे देणार. आता कळलं ना, मला घाई कशाची?

दाजींना कळलं मी नापास झालो, तर दोन दिवस डोकं खाजवत होते. मग कुठूनतरी बॅटरी आणली, जुन्या बनियनचं इलॅस्टिक काढलं आणि माझ्या कपाळाला बांधली. कपाटाशेजारच्या भिंतीवर खडूने गोल काढले. रोज कामावरून आलो की शिकवणी. "मेव्हणेबुवा, डोळे मिटा. कुठे चाललात? तिकडे शेजाऱ्यांची मोरी आहे. परत या." मी चुकायचो, ते शिव्या द्यायचे, आम्ही दोघं हसायचो. पण सुधारणा काही होईना.

मग त्यांनी विचारलं, बाईच्या खोलीत त्या कागदाच्या आसपास काय आहे? मी म्हटलं वर एक घड्याळ आहे, टकटक वाजतं. दाजींचे डोळे चमकले. लगेच आमचं गजराचं घड्याळ खिळ्याला टांगलं, गोलाच्या बरोबर वर. म्हणाले, "मान चुकते ना, मग तिला विचारूच नको. दोन्ही कानांत टकटक सारखी वाजली की समज तू समोर आलास." आणि ताई, जमलं! ठिपका मधोमध. दाजींनी मला उचललंच असतं, मान आठवली म्हणून थांबले.

मला आत कुठेतरी बरं वाटत नाहीये. पण उद्या जाणार.

गुरुवार, दुपार. पत्र टाकायचं राहिलं होतं ते बरं झालं. पास! डावीकडे न्यायला थोडं दुखलं, सकाळी क्रेनवाल्याकडून दुखण्याची गोळी घेऊन गेलो होतो. ठिपका तीनही वेळा कागदावर, एकदा तर डोळ्याच्या बुबुळासारखा मधोमध. बाई म्हणाली, "एवढ्या लवकर? छान." तिने सही केली. सोमवारपासून ट्रेलरवर. दाजींनी आज माझ्या वाटणीची भांडी घासली.

तू रागावू नकोस. सगळं नीट होईल.

मधोमध आलेला,
तुझा भाऊ


रविवार, २ तारीख

ताई,

मागच्या पत्राला तू उत्तर लिहायच्या आत हे लिहितोय. आधी एकच सांगतो म्हणजे पुढचं नीट वाचशील. दाजी धडधाकट आहेत. आत्ता कोपऱ्यात पाठ करून बसलेत आणि बुटाला नाडी ओवतायत. माझ्याशी बोलत नाहीत, पण धडधाकट आहेत.

सोमवारी मी चढलो. काय सांगू, सीटवर बसल्यावर अंगात जीव आला. सकाळच्या दोन खेपा चांगल्या झाल्या. खिडकीतून वळायचो तर डावी बाजू ओढायची, डोळ्यांपुढे क्षणभर पाण्यावर तरंगल्यासारखं व्हायचं, पण दाजी दिसायचे, हनुवटी वर करायचे, मी करायचो. पत्रा वाजायचा, टण टण, ये. मी मनात म्हटलं, बघ, झालास बरा.

तिसरी खेप दुपारची. ऊन तापलेलं. खिडकीतून मान काढली, मागे वळलो, जेवढं वळायचं तेवढं वळलो असं मला वाटलं. नारिंगी जॅकेट दिसलं, वर टोपी दिसली. मी हनुवटी वर केली. समोरून टोपी हलली. मी गाडी मागे सोडली.

ते दाजी नव्हते, ताई. ते त्यांचं जॅकेट होतं. उकडतंय म्हणून त्यांनी काढून कुंपणाच्या खांबाला अडकवलं होतं, वर टोपी ठेवली होती. वाऱ्याने ती हलली आणि मी तिला नजर दिली.

तू म्हणशील, कुणीही फसलं असतं. मीही तसंच म्हणत होतो. पण तो खांब कुंपणाला आहे, ट्रेलरच्या मागे नाही. सरळ मानेच्या माणसाला कळलं असतं की आपण कुंपणाकडे बघतोय. मला वाटत होतं मी बरोबर मागे बघतोय. अगदी तसंच, जसं बाईच्या खोलीत डोळे मिटून छातीठोक म्हटलं होतं, आलो.

दाजी फलाटाला टेकून उभे होते, नुसत्या सदऱ्यात, माझ्या नजरेची वाट बघत. नजर न येता ट्रेलर आला. त्यांनी काठी मारली, एकच टण. पुढचा ठोका आलाच नाही. मी ब्रेकवर उभा राहिलो. खाली उडी टाकून मागे धावलो. फलाटाला जिन्याजवळ एक खाच आहे, झाडू ठेवायची. तिच्यात ते झाडूंच्या मध्ये चिकटून उभे, पोट आत घेऊन. काठीचे दोन तुकडे झाले होते. एक फलाट आणि ट्रेलरच्या मधोमध अडकलेला, तो मला ओढूनही निघाला नाही.

बाहेर आल्यावर पहिलं काय म्हणाले असतील? "बरं झालं, गेल्या महिन्यात पोट कमी केलं." मी हसलो नाही. ते पाणी प्यायला गेले तर पेला त्यांच्या दातांवर वाजत होता.

यार्डात त्यांनी सगळ्यांना सांगितलं, काठी हातातून निसटली आणि चाकाखाली गेली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "चूक माझी. जॅकेट काढायला नको होतं. विषय संपला."

मी म्हटलं, "संपला कसा? मला तुम्ही दिसलाच नाहीत."

"मग उद्यापासून नीट बघ."

"नीटच बघत होतो, दाजी! तेच तर."

ते म्हणाले, "हे बघ, तू उतरलास की मी सुसाटच्या मागे. त्यापेक्षा आंधळा मेव्हणा बरा. तो निदान बघायचा प्रयत्न तरी करतो."

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाला मान आखडल्याची थाप मारली आणि तडक बाईकडे गेलो. वेळ ठरलेली नव्हती. बाहेर बसवून ठेवलं. भिंतीला टेकून मी आतली टकटक ऐकत होतो. तीनदा उठून दारापर्यंत गेलो, तीनदा परत बसलो. पळून जायचं मला किती सोपं आहे ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. शाळेतूनही मी असाच पळालो होतो, खिडकीतून.

आत गेल्यावर बाई म्हणाली, "काय झालं? दुखतंय?"

मी म्हटलं, "बाई, ते घड्याळ बंद करा आणि परत तपासा."

तिला आधी कळलं नाही. मग तिने घड्याळाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, माझ्या कानांकडे पाहिलं. ती स्टुलावर चढली, घड्याळ उतरवलं आणि सेल काढला. खोली अशी शांत झाली की मला माझं थुंकी गिळणं ऐकू येत होतं. पट्टा बांधला, डोळे मिटले, डावीकडे गेलो, परत आलो. मला विचारशील तर मी शपथेवर सांगितलं असतं की समोर आलोय. डोळे उघडले. ठिपका दाराजवळच्या लाइटच्या बटणांपाशी होता, कागदापासून हातभर लांब.

बाई खुर्चीत बसली. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही मानेने नाही, कानाने आलात." मी जॅकेटचं सगळं सांगितलं. ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "घड्याळ तिथे ठेवायचं नाही हे मला सुचायला हवं होतं. पण डोकं दुखतं का, चक्कर येते का, हे मी विचारते तेव्हा माझ्याकडे तुमच्या शब्दाशिवाय दुसरं काही नसतं."

मग पुन्हा सगळं विचारलं आणि मी या वेळी खरी उत्तरं दिली. झोप लागते का? कूस बदलली की जाग येते. डोकं? संध्याकाळी मागून कपाळापर्यंत दुखतं. वाचताना? आता अक्षरं जास्तच हलतात. मागे वळून बघताना? पाण्यावर तरंगल्यासारखं होतं.

मी विचारलं, "ही बरी होईल का?"

"बहुतेकांची होते. व्यायाम करा, घाई करू नका. आणि ठिपका चुकला की चुकला म्हणा."

ट्रेलर गेला. मी परत डिंकात. मुकादमाला मी जॅकेटचंही सांगितलं. म्हणजे दाजींची काठी निसटल्याची थापही उघडी पडली. त्यांना सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं आणि दुसऱ्या दिवसापासून सुसाटची गाडी मिळाली. खोलीवर आल्यावर एवढंच म्हणाले, "माझ्या जिवासाठी केलंस ना? आता जा, बघ मी कुणाच्या मागे चालतोय." तेव्हापासून बोलणं बंद. ताट पुढे सरकवतात, पण बोलत नाहीत. मी शेडमध्ये बसून कान तिकडे लावतो. सुसाट मागे येताना टण टण इतकं भराभर वाजतं, ताई, की वाटतं कुणी दार ठोठावतंय आणि आत कुणी ऐकत नाहीये.

आता जे लिहायला मी पहिल्या पत्रापासून टाळाटाळ करतोय ते लिहितो. खरं तर मला ते या आठवड्यातच कळलं, पण आत कुठेतरी आधीपासून माहीत असावं.

मला डिंकावर परत बसवताना मुकादम म्हणाला, "तुझा दाजी येडा आहे. वजनकाट्यावर सावलीत बसला होता, पंख्याखाली. दोन वर्षांपूर्वी तू पहिल्यांदा ट्रेलरवर चढलास त्या दिवशी येऊन म्हणाला, मला याच्या मागे द्या. मी म्हटलं, खुर्ची सोडून शेपूट व्हायचंय? तर म्हणतो, याच्या बहिणीने माझ्यावर सोपवलाय, हा एक जागी ठरत नाही, दुसऱ्या कुणाला ऐकणार नाही."

म्हणजे वजनकाटा खोटा नव्हता. आधी खरा होता, माझ्यामुळे खोटा झाला. ते मला घेऊन इकडे निघाले तेव्हा तू दारात उभी राहून त्यांना म्हणाली होतीस, माझ्या भिंगरीवर लक्ष ठेवा. तू सहज म्हणालीस. त्यांनी ते धरून ठेवलं, काठीसारखं.

ती खुर्ची अजून कुणाची झालेली नाही. मुकादम रोज कुणाला तरी पकडून बसवतो आणि शिव्या घालतो. दाजींनी नुसतं तोंड उघडलं तर आज मिळेल. पण ते माझ्यावर रागावलेत, मागणार नाहीत. मी सांगून ऐकणार नाहीत. तुझंच ऐकतील. फोनवर माझ्याच्याने हे बोलवणार नाही, म्हणून हे पत्र. मिळाल्याबरोबर फोन कर. मी कसा आहे ते विचारू नकोस. जेवलात का, तेही नको. त्यांना म्हण, भिंगरी आता ट्रेलरवर नाही, तिच्यावर लक्ष ठेवायचं काम झालं, तुम्ही तुमच्या खुर्चीत जा. तू सोपवलेलं तूच परत घे. मी दोन वर्षं मागे वळून त्यांच्याकडे बघत आलो आणि एकदाही मनात आलं नाही की हा माणूस तिथे का उभा आहे.

थांब.

मघाशी इथवर लिहून झालं होतं. मी व्यायामाला म्हणून कपाळाला बॅटरी बांधत होतो, इलॅस्टिकची गाठ मागे जमेना. दाजी उठले. मला वाटलं बाहेर चालले. ते कपाटाजवळ गेले, घड्याळ खिळ्यावरून काढलं, पालथं करून सेल काढला आणि खिशात टाकला. मग माझ्या मागे येऊन गाठ मारली, जरा जास्तच घट्ट.

"मीट डोळे," म्हणाले.

मी मिटले. डावीकडे गेलो, परत आलो. म्हटलं, "आलो."

"नाही आलास."

"किती राहिलं?"

"कपाटाच्या दारावर आहेस. परत कर."

आम्ही परत करतोय, ताई. उद्या सकाळी ते पुन्हा सुसाटच्या मागे जातील. तू वेळ घालवू नकोस. फोन वाजला की मी बाहेर जिन्यात जाऊन उभा राहीन, म्हणजे त्यांना माझ्यासमोर हो म्हणावं लागणार नाही.

अजून समोर न आलेला,
पण चुकलो की चुकलो म्हणणारा,
तुझा भाऊ